रविवारचा मराठी वर्ग: औषध कंपनीतल्या एका पॅकिंगवालीचा अनुभव

अकरा वर्षं झाली, मी गोळ्यांच्या पट्ट्या तपासते. ब्लिस्टर मशीनमधून पट्टी बेल्टवर येते आणि आपण बघायचं: खिसा रिकामा नाही ना, गोळी फुटलेली नाही ना, फॉईलला सुरकुती नाही ना, बॅच नंबर नि एक्स्पायरी नीट उमटली ना. गाव सावनेर तालुक्यात, शिक्षण बारावी, नोकरी ठेकेदाराच्या हजेरीवर. हे आधीच सांगते, कारण ज्या संघटनेच्या शाखेबद्दल नि तिच्या रविवारच्या वर्गाबद्दल लिहिते आहे ती मुळात माझ्यासारख्यांची नाही. ती फार्मसी शिकलेल्यांची, डिग्री-डिप्लोमावाल्यांची.

शाखेचं नाव मुद्दाम टाकत नाही. आमची एमआयडीसी लहान. नाव घेतलं की कोणत्या कंपनीतून कोण येतं ते गेटसमोरच्या टपरीवाल्यालाही कळेल. पुढं माझ्या जुन्या कंपनीचं जे लिहिणार आहे, त्याचा त्रास अजून तिथं काम करणाऱ्या बायांना व्हायला नको.

अशा संघटना असतात एवढं ऐकून होते. 2023 च्या जानेवारीत नागपूरला विद्यापीठाच्या आवारात 72 वी इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेस भरली, तेव्हा आमच्या क्यूएच्या, म्हणजे दर्जा सांभाळणाऱ्या खात्याच्या, मॅडम तीन दिवस तिकडंच होत्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातातली कापडी पिशवी पाहिली, एवढाच माझा त्या जगाशी संबंध. मग एक दिवस चेंज रूममध्ये टोपी घालता घालता त्याच म्हणाल्या, "दुसऱ्या रविवारी शाखेचा वर्ग असतो. ये नं तू. मराठीत आहे." मराठीत आहे म्हणाल्या म्हणून गेले. कंपनीत ट्रेनिंग म्हणजे इंग्रजी एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी कागद, कोणीतरी भराभर वाचणार आणि आपण रजिस्टरवर सही करणार. अशा किती सह्या केल्या असतील, मोजदाद नाही.

वर्ग आयटीआयच्या हॉलमध्ये भरतो, दहा ते एक. आधी तर्री-पोहे. शिकवायला वेगवेगळे लोक येतात, पण मुख्य शिकवणारे एक रिटायर झालेले प्रॉडक्शन मॅनेजर आहेत. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणतो.

पहिल्याच दिवशी सरांनी पिशवीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेले गोळीच्या मशीनचे पंच काढले. बोटाएवढे लोखंडी दांडे, टोकाशी गोळीचा आकार. एक नवा, एक वापरून झिजलेला. सोबत भिंग. म्हणाले, एकेकानं बघा, घाई करू नका. दोन्ही पंच हातोहात फिरले. माझ्यापर्यंत आले तेव्हा लोखंड लोकांच्या हातांनी कोमट झालं होतं. नव्याची कड सरळ होती. जुन्याची कड भिंगाखाली धरली तर आतल्या बाजूला वळलेली, अगदी बारीक, नखाला जेमतेम लागेल एवढी. वखराची पास घासून घासून वळते ना, तशी. सर म्हणाले, गोळी दाबली जाते, वरचा पंच उठतो, तेव्हा ही वळलेली कड गोळीच्या माथ्याला धरून ओढते. माथा तिथंच ढिला होतो. लगेच दिसत नाही. पुढं कोटिंगमध्ये, नाहीतर पॅकिंगमध्ये टोपी उडते.

मला पुढचं ऐकूच आलं नाही काही वेळ. आमच्या लाइनवर टोपी उडालेली गोळी पट्टीत गेली की बोलणी कोणाला बसतात? पॅकिंगच्या बायांना. "डोये कुठं असतात तुमचे?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. डोळे पट्टीवरच असतात हो. पण एका मिनिटाला शेकड्यानं गोळ्या समोरून जातात, आणि चूक तर दोन खोल्या आधी, एका लोखंडी कडेवर झालेली असते. या टोपी उडण्याला, म्हणजे कॅपिंगला, दुसरीही कारणं असतात. दाणा फार कोरडा झाला, भुकटी जास्त राहिली, मशीनची गती वाढवली, तर आत हवा अडकते. सरांनी तीही सांगितली. पण तो पंच मला दिसला, हातात धरता आला, त्यामुळं तेच मनात बसलं. आता लाइनवर तीन-चार टोप्या लागोपाठ उडालेल्या दिसल्या की मी नुसत्या वेचून टाकत नाही. त्या पुडीत बांधून, वेळ लिहून, कॉम्प्रेशनवाल्या, म्हणजे गोळ्या दाबायच्या मशीनवरच्या, भाऊला कळवते. पहिल्यांदा तो चिडला. "ताई, तुमी तुमचं पहा नं." दुसऱ्यांदा त्यानं मशीन थांबवून पंच तपासले.

आता जुन्या कंपनीचं.

रात्रपाळी होती. आमच्याकडं ठरावीक वेळानं लीक टेस्ट घ्यायची असते. पट्ट्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायच्या, काचेच्या भांड्याचं झाकण लावायचं, पंपानं हवा ओढायची, मग हवा सोडून पट्ट्या पुसून उघडायच्या. खिशात निळं शिरलं असेल तर सील कच्चं. त्या रात्री मशीन अडकलं, आम्ही सगळ्या फॉईल ओढत बसलो आणि तीनची टेस्ट राहून गेली. सकाळी सुपरवायझर म्हणाला, "तीनचं भरून टाक, सगळेच भरतात." मी "पास" लिहून सही केली. पुढं ऑडिट आलं. ऑडिटरनं मशीनचं रजिस्टर शेजारी ठेवलं. त्यात लिहिलेलं: 2:40 ते 3:30 मशीन बंद. मग तीनच्या पट्ट्या आल्या कुठून? सुपरवायझर पर्मनंट होता. माझा गेटपास दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. दोन महिने घरी बसले. त्या वर्षी संत्र्यालाही भाव नव्हता.

मी खोटं लिहिलं होतं, यात वादच नाही. पण इतक्या वर्षांत मला एकाही माणसानं हे सांगितलं नव्हतं की टेस्ट राहिली तर "राहिली" असं लिहिता येतं. हे मला शाखेच्या वर्गात कळलं. नोंदी कशा ठेवायच्या यावर एक अख्खा रविवार होता. कोणी लिहिलं ते कळलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे, काम करतानाच लिहिलं पाहिजे, मूळ कागदावर लिहिलं पाहिजे, आणि खरं असलं पाहिजे. इंग्रजीत याला अल्कोआ म्हणतात. हा शब्द मी कंपनीच्या भिंतीवर रोज वाचायची आणि मला ते औषधाचं नाव वाटायचं. सरांनी फळ्यावर एक आकडा चुकीचा लिहिला, त्यावरून एकच आडवी रेघ ओढली, खालचा आकडा दिसत राहील अशी. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. मग म्हणाले, "राहिलं असेल तर राहिलं लिहा, कारण लिहा, वरच्याला कळवा. त्याला डेव्हिएशन म्हणतात, त्याची चौकशी होते, वाईटात वाईट म्हणजे त्या वेळच्या पट्ट्या बाजूला काढून पुन्हा तपासतात. खोटं पास लिहिलं तर तपासायला कोणी जाणारच नाही."

या पावसाळ्यात आताच्या कंपनीत माझ्यावर तशीच वेळ आली. लाइट गेली, पंप बंद, टेस्ट हुकली. मी लिहिलं: घेतली नाही, वीज नव्हती, वेळ, सही. लिहिताना हात कापत होता, खोटं कशाला सांगू. शिफ्टवाला ओरडला. मॅडम आल्या, कागद वाचला, म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय." तेवढ्या वेळच्या पट्ट्यांची पेटी बाजूला काढली, लाइट आल्यावर तपासली, विषय मिटला.

2025 च्या ऑक्टोबरचा वर्ग मी विसरणार नाही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं कफ सिरप पिऊन दगावली, तो महिना. आमच्यासाठी ही पेपरातली लांबची बातमी नव्हती. सौसरच्या पुढं आमच्या लोकांची सोयरीक आहे, आणि त्यातली कितीतरी लेकरं उपचाराला नागपुरातच आणली होती. लघवी बंद झालेली, किडनी गेलेली. वीसच्या वर गेली. त्या रविवारी पोहे कोणी खाल्ले नाहीत.

सरांनी एक काचेची बाटली आणली होती, लेबल नसलेली. आत पाण्यासारखं स्वच्छ, जरा दाट. विचारलं, काय आहे? कोणी ग्लिसरीन म्हणालं, कोणी साखरेचा पाक, कोणी नुसतं पाणी. ते प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं, सिरपमध्ये औषध विरघळवायला वापरतात ते. सर म्हणाले, डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला असंच असतं, चवीलाही गोडसरच, आणि ते विष आहे. चालू शकणारी मर्यादा 0.1 टक्का. त्या सिरपमध्ये सरकारी प्रयोगशाळेला सापडलं 48.6 टक्के. हॉलमध्ये आवाज नव्हता. मग त्यांनी सांगितलं, हे पहिल्यांदा झालेलं नाही. 1986 मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात याच विषाच्या ग्लिसरीननं 14 माणसं गेली, चौकशीला लेंटिन आयोग बसला. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात पुन्हा लेकरंच. म्हणून ड्रमवरच्या लेबलवर विसंबायचं नाही, एका ड्रमचा नमुना घेऊन बाकीचे तसेच सोडायचे नाहीत. प्रत्येक ड्रम तपासूनच आत घ्यायचा.

मागच्या रांगेत आमच्या स्टोअरचा एक पोरगा होता, ड्रम ढकलणारा हेल्पर. तो उभा राहून म्हणाला, "सर, मले तं कोणी सांगतलंच नाही, मी काय ढकलतो ते." सर त्याच्याजवळ जाऊन बसले आणि पुढचा अर्धा तास वर्ग त्या एकट्यासाठी चालला. हिरवं लेबल म्हणजे काय, पिवळं म्हणजे काय, पिवळ्या लेबलचा ड्रम वजनकाट्यावर का न्यायचा नाही, कोणी घाई केली तर काय म्हणायचं. मला शाखेचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

शेड्यूल एमवरचा, म्हणजे औषध कारखाना कसा चालवायचा त्या सरकारी नियमांवरचा, वर्गही उपयोगाचा, पण तो जरा लांबला. नवे नियम 28 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेनं आले, 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना सहा महिने दिले, लहान-मध्यम कंपन्यांना बारा, आणि त्यांच्यातल्या अर्ज करणाऱ्यांची मुदत मग 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली. एवढं कळलं आणि आमच्याकडं गेल्या वर्षी अचानक रंगरंगोटी, नवे दरवाजे नि रोज नवं रजिस्टर काहून सुरू झालं त्याचा उलगडा झाला. पुढचं कलमा-कलमांचं वाचन मॅनेजर लोकांसाठी होतं. आमच्या अर्ध्या बाया पेंगल्या.

आता जे खटकतं ते. शाखेचं सभासदत्व आम्हाला मिळत नाही. आम्ही पाहुण्या. वर्गाला बसायचं, पण वर्ग कशावर घ्यायचा ते ठरवणाऱ्या बैठकीत नाही. माझं म्हणणं आहे की बारावी-आयटीआयवाल्यांसाठी काहीतरी वेगळं सभासदत्व काढा, वर्गणी लावा, आम्ही देऊ. कारखान्यात गोळीला हात लावणारे बहुतेक आम्हीच आहोत. दुसरं, हजेरीचा जो कागद मिळतो त्याला ठेकेदार विचारत नाही. त्यावर काय शिकलो ते मराठीत लिहा, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या गेटवर तो दाखवता तरी येईल. तिसरं, वेळ. जून-जुलैत पेरणी-डवरणीत नि पुढं सोयाबीनच्या सवंगणीत रविवारी बाई घरातून निघूच शकत नाही. त्या महिन्यांत शिफ्ट सुटल्यावर एमआयडीसीतच तासभराचा वर्ग घेता येईल. मी हे बोलून दाखवलं आहे, सरांनी वहीत लिहून घेतलं आहे.

पगार, ओव्हरटाइम, पीएफ, हे विषय शाखा घेत नाही. एका बाईनं पीएफचं विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की ते आमचं काम नाही, युनियनकडं किंवा कामगार कार्यालयात जा. तिला वाईट वाटलं, मला उलट बरं वाटलं. खोटी आशा लावली नाही.

ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या क्यूएमध्ये विचारावं, शाखेचं कोणी ना कोणी प्रत्येक कंपनीत निघतंच. वही-पेन न्या, तिथं मिळत नाही. शिकवणाऱ्याला मध्येच थांबवून विचारलं तर चालतं, त्यांना ते आवडतं. लहान लेकरू असेल तर घेऊन या, मागं चटई टाकलेली असते, माझी पोरगी दोनदा तिथंच झोपली. सावनेरकडून साडेआठची एसटी पकडली तर पावणेदहाला पोचता येतं. परतीची दीडची चुकवू नका, तिच्यानंतर तीनपर्यंत काही नाही.