ड्रायव्हरवाल्या कॅब अ‍ॅपचा रिव्ह्यू, हिशेबाची वही माझी

आधीच सांगते, गाडी मी चालवत नाही, आमचे हे चालवतात. वॅगनआर सीएनजी, टी परमिट (टॅक्सीचं), पुणे आणि पिंपरी-चिंचवड. मी फक्त वही लिहिते. पण अ‍ॅपमध्ये रोज रात्री तो मोठ्या अक्षरात आकडा येतो ना, तो बघून कुणी हप्त्यावर गाडी काढायचा विचार करत असेल तर वाचा, कारण पहिले सहा महिने आम्हीपण तोच आकडा कमाई म्हणून धरला आणि दिवाळीत विम्याचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा घरात बघतो तर काहीच नाही. अ‍ॅपचं नाव लिहित नाही, त्या आयडीवर आमचं पोट आहे.

तर मागच्या महिन्याचं सांगते. 26 दिवस गाडी चालली, रोजचे बारा तास धरा. कमिशन कापून अ‍ॅपने दाखवले 61,400. ऐकायला मस्त वाटतं, माझ्या भावाने तर लगेच विचारलं ताई मीपण नोकरी सोडू का. आता वही बघा. गॅस 19,150. हप्ता 12,800. विमा वर्षाचा 31,000 आहे म्हणजे महिन्याला 2,600 बाजूला काढावेच लागतात (पिवळ्या पाटीचा विमा घरच्या गाडीसारखा नसतो, हे शोरूमवाला सांगत नाही). सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेक पॅड मिळून सरासरी 2,000. टायर चारही बदलले तर 16,000 आणि ते पंचेचाळीस हजार किलोमीटर जातात, म्हणून 1,650. पासिंग, पीयूसी वगैरेचे 400, धुणं 600, मोबाईल 400, पार्किंग आणि परत न मिळालेला टोल 900, नो पार्किंगची पावती 500, चहा 1,000. डबा घरचाच असतो, तो मी धरलाच नाही. एकूण झाले 42,000. हातात राहिले 19,400.

312 तासांचे 19,400. म्हणजे तासाला बासष्ट रुपये.

ह्यांचे मोठे भाऊ म्हणतात हप्ता खर्चात कशाला धरतेस, गाडी आपलीच होतेय ना. भाऊजी, होतेय खरी, पण वर्षाला 56,000 किलोमीटर पळतेय, पाच वर्षांनी हप्ता फिटेल तेव्हा तिच्यावर पावणेतीन लाखाच्या वर रीडिंग असेल आणि पाटी पिवळी, तेव्हा घेणारा काय देईल ते तुम्हीच सांगा. एका हाताने गाडी घेतोय आणि दुसऱ्या हाताने तीच झिजवतोय.

पण माझा खरा राग हप्त्यावर नाहीये, रिकाम्या किलोमीटरवर आहे. महिन्याचं गाडीचं रीडिंग पडलं 4,680. अ‍ॅपमधल्या सगळ्या ट्रिपांची बेरीज केली तर 3,050. म्हणजे 1,630 किलोमीटर गाडी रिकामी फिरली, पिकअपला जाताना, पंपावर जाताना, घरी येताना. अ‍ॅपच्या हिशेबाने आम्हाला किलोमीटरला वीस रुपये पडले, रीडिंगच्या हिशेबाने तेरा. आणि खर्च, हप्त्यासकट, जवळपास नऊ. आता कळलं का सुटतात किती? अ‍ॅपमध्ये सगळं दिसतं, रेटिंग दिसतं, किती ट्रिपा कॅन्सल केल्या ते लाल रंगात दिसतं, पण रिकामी किती फिरलात हा रकाना कुठेच नाही.

हिंजवडी फेज थ्रीवरून विमानतळाचं भाडं लागलं की हे खूश होतात, मोठी ट्रिप. मग लोहगावला एअरोमॉलच्या पार्किंगमध्ये नंबर लावून बसायचं, कधी तास कधी दीड तास, आणि नंबर आला की भाडं लागतं विमाननगरचं, तीन किलोमीटर. सोडलं तर नंबर गेला. मी हल्ली म्हणते तिथे थांबू नका, खराडीकडे सरका, पण ऐकतील तर ना.

दराचं म्हणाल तर आरटीएने (प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने) जानेवारी 2024 पासून पुण्यात एसी कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला 37 आणि पुढे किलोमीटरला 25 ठरवून दिलेत. दहा किलोमीटरचे अडीचशे होतात. परवा ह्यांना तेवढ्याच अंतराचे अ‍ॅपवर 158 मिळाले. म्हणून काही ड्रायव्हर ह्या सरकारी दराने मागतात आणि मग प्रवासी म्हणतो अ‍ॅपवर तर वेगळं दाखवतंय, झाली भांडणं. दोघांचंही चूक नाही, ज्याने तो आकडा दाखवला तो गाडीत नसतो.

आणि 2025 च्या राज्याच्या अ‍ॅप टॅक्सींच्या धोरणात भाड्याचे किमान 80 टक्के ड्रायव्हरला असं लिहिलंय. एका मॅडमनी उतरताना सहज मोबाईल दाखवला, त्यांचे 412 गेले होते, ह्यांच्याकडे जमा 297. त्यातला 5 टक्के जीएसटी बाजूला काढला तरी 80 होत नाहीत, करून बघा.

तुम्ही प्रवासी असाल तर तुम्हाला कॅश की ऑनलाइन या प्रश्नाचा वैताग येत असेल, मलापण यायचा. पण दुपारी गॅस संपलेला असतो, पंपावर पाऊण तासाची लाइन, त्यात नंबर आल्यावर प्रेशर नाही म्हणतात, आणि ऑनलाइनचे पैसे खात्यात यायचे रात्री. उलट कॅश जास्त झाली की कंपनीचं कमिशन आपल्यावर चढतं आणि भरेपर्यंत बुकिंग बंद. इकडे आड तिकडे विहीर.

आम्ही मधे रोजच्या प्लॅनचं दुसरं अ‍ॅपपण घेतलं, ठरलेली रक्कम भरा आणि भाडं पूर्ण तुमचं. ट्रिपांनी भरलेल्या दिवशी ते खरंच परवडतं, रात्री वही लिहिताना कळतं. पण एकदा सकाळी प्लॅन घेतला आणि अकराला क्लच केबल तुटली, प्लॅनचे पैसे गेलेच.

चांगलं काहीच नाही असं नाही हं. स्टँडवर उभं राहून गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ऑनलाइनचे पैसे आजवर बुडाले नाहीत, आणि रात्री उशीर झाला तर हे कुठे आहेत ते मला मोबाईलवर दिसतं, याला मी वेगळा अर्धा स्टार दिलाय. एकूण अडीच.

गाडी काढायचीच असेल तर कुणाचं तरी एका महिन्याचं रीडिंग आणि गॅसच्या पावत्या मागा, अ‍ॅपचा स्क्रीनशॉट नको. भावाला मी वहीचाच फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय आला, ताई चहा दिवसाला चाळीसचा?