चिमणीच्या गळ्यावरचा डाग : मुलांच्या आठ चित्रपुस्तकांविषयी

गेल्या मे महिन्यात दादर पश्चिमेच्या एका दुकानातून मी मुलांसाठीचा आठ चित्रपुस्तकांचा संच घेतला. त्यातली पाच पुस्तके चरित्रांची आहेत : सावित्रीबाई फुले, आनंदीबाई जोशी, दादासाहेब फाळके, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सलीम अली. उरलेली तीन माहितीची आहेत : बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली आगगाडी, मुंबईचे पाणी आणि ओहोटीच्या वेळचा समुद्रकिनारा. प्रत्येक पुस्तक ३२ पानांचे, म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे, आतून-बाहेरून रंगीत, आणि किंमत १२० रुपये. संच प्लास्टिकच्या वेष्टनात बंद होता आणि दुकानदारांनी तो उघडून दाखवण्यास नम्रपणे नकार दिला, त्यामुळे आत काय आहे हे मला मुलुंडला घरी पोचल्यावरच कळले. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी पहिली ते पाचवीची पंधरा-सोळा मुले वाचायला जमतात. ही पुस्तके पावसाळाभर त्यांच्या हातांत होती, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून झालेले मत आहे. सापडलेल्या चुका प्रकाशकांना पत्राने कळवल्या आहेत व नव्या आवृत्तीत त्या दुरुस्त करू असे त्यांनी उत्तरही दिले आहे. म्हणून प्रकाशनाचे नाव येथे देत नाही.

सुरुवात सलीम अलींच्या पुस्तकापासून करते, कारण या संचाचे बळ आणि त्याची खोड ही दोन्ही त्या एका पुस्तकात एकाच जोडपानावर भेटतात. दहा-बारा वर्षांच्या सलीमने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, असा पक्षी खाल्लेला चालेल की नाही या शंकेने तो मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे, गेला, आणि मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथे सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले खण एकामागून एक उघडून दाखवले. लेखिकेने यातले काहीही गुळगुळीत केलेले नाही. बंदूक आहे, शिकार आहे, खाण्याचा प्रश्नही आहे. ‘जखमी चिमणी सापडली’ अशी पळवाट अशा पुस्तकांत सर्रास काढली जाते. ती येथे काढलेली नाही, याबद्दल लेखिकेचे मनापासून कौतुक वाटते. पक्ष्यांवर एवढे प्रेम करणाऱ्या माणसाने आधी पक्षी मारला होता, यावर आमच्या हॉलमध्ये अर्धा तास वाद झाला, आणि तो वाद पुस्तकानेच घडवून आणला होता.

तो वाद चालू असतानाच तिसरीतला एक मुलगा पानावर बोट ठेवून म्हणाला, “काकू, ही तर आमच्या गॅलरीत येते ती चिमणी आहे.” त्याचे म्हणणे खरे होते. चित्रकाराने घरचिमणीचा नर काढला आहे, हनुवटीपासून छातीपर्यंत उतरणाऱ्या काळ्या पट्ट्यासकट, आणि त्या काळ्यावरच पिवळ्या रंगाचा एक ठिपका ठेवून दिला आहे. पीतकंठी चिमणीला तो काळा पट्टा नसतोच. तिचे डोके राखी-तपकिरी, नराच्या खांद्यावर तांबूस ठसा, पंखांवर पांढऱ्या रेघा, आणि फिकट गळ्यावर तो लिंबाच्या रंगाचा डाग. ही बारीकसारीक बाब नव्हे. ही चिमणी रोजच्या चिमणीसारखी नव्हती, एवढ्याच गोष्टीवर त्या मुलाचे सारे पुढचे आयुष्य फिरले. तीच चिमणी रोजची काढली, तर मिलार्डसाहेबांकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

गोष्टीच्या पुस्तकात कावळ्याला टोपी घातली तर मूल हसते आणि पुढचे पान उलटते. पुस्तकात खरे घडलेले सांगितले आहे असे कळले की तेच मूल चित्राकडे पुराव्यासारखे पाहते. मजकूर मोठ्यांनी वाचून दाखवलेला असतो, पण चित्र त्याने स्वतः तपासलेले असते. या संचातल्या लेखनाने ही जबाबदारी बहुतेक ठिकाणी ओळखली आहे आणि चित्रांनी ती वारंवार सोडली आहे. पहिल्या आगगाडीच्या पुस्तकात तारीख १६ एप्रिल १८५३ अशी अचूक आहे, चौदा डबे मोजून चौदाच काढले आहेत, साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने आहेत, सुमारे चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामीही आहे. आणि या सगळ्यामागे, धुराच्या पडद्यातून, आपल्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट डौलाने उभा आहे. त्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. गाडी सुटली तेव्हा तिथे त्या वास्तूची वीटही नव्हती. मुखपृष्ठावर ओळखीची इमारत असली की पुस्तक खपते, हे मी समजू शकते. पण दर सुटीत आईवडिलांबरोबर त्या घुमटाखालून जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात हे चित्र एकदा बसले की ते काढायला पुढे इतिहासाच्या शिक्षकाला कष्ट पडतील.

आनंदीबाईंच्या पुस्तकाबद्दल माझे मत अजून पूर्ण ठरलेले नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेले एक प्रसिद्ध छायाचित्र आहे : साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही आपापल्या देशाच्या कपड्यांत, आणि तिघींपैकी कुणीही हसत नाही. पुस्तकात हे छायाचित्र रंगवून घेतले आहे, ही कल्पना उत्तम. परंतु रंगवताना तिघींना एकसारखे गोरे, गोल, हसरे चेहरे दिले आहेत, जणू एकाच साच्यातून काढलेल्या तीन बाहुल्या. मूळ छायाचित्र शेवटच्या पानावर छोट्या आकारात जरी छापले असते, तरी मुलांनी दोन्ही शेजारी ठेवून आपोआप तुलना केली असती.

मजकूर मात्र शेवटापर्यंत जातो. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, टाळ्या वाजल्या आणि पुस्तक संपले, असे येथे होत नाही. क्षय, परतीचा प्रवास, २६ फेब्रुवारी १८८७ चा पुण्यातला मृत्यू आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत ठेवलेली रक्षा हे सगळे चार शांत वाक्यांत आहे. चौथीतल्या एका मुलीने मागच्या कालपटावरून वजाबाकी केली आणि म्हणाली, “एकवीस? म्हणजे आमच्या ताईएवढीच.” त्यानंतर कुणी काही बोलले नाही. माझा आक्षेप एका शब्दाला आहे. गोपाळराव पत्नीला शिकवताना ‘फार कडक’ होते, असे पुस्तक म्हणते. ते मारत असत, आणि आनंदीबाईंनी हे पत्रात स्वतः लिहून ठेवले आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ‘मारत’ हा शब्द कळतो. ‘कडक’ या शब्दाने त्यांना गोपाळराव आपल्या गणिताच्या बाईंसारखे वाटले, आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले.

सावित्रीबाईंच्या पुस्तकात अडचण वेगळी आहे. १८४८ मधली भिडे वाड्यातली मुलींची शाळा, वाटेत अंगावर फेकलेले शेण आणि चिखल, पिशवीतले दुसरे लुगडे, १८९७ च्या प्लेगच्या साथीत पाठीवर उचलून आणलेला आजारी मुलगा, असे सगळे प्रसंग नीट मांडले आहेत. शेण फेकणाऱ्यांचे चेहरे न दाखवता फक्त हात दाखवण्याची चित्रकाराची युक्ती मला आवडली. परंतु जवळजवळ प्रत्येक पानावर सावित्रीबाईंच्या तोंडी अवतरणचिन्हांत घातलेली भाषणे आहेत, आणि ती आजच्या वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखी आहेत. “हे त्या बोलल्या तेव्हा लिहून कोण घेत होते?” असे एका मुलाने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. खंत अशी की सावित्रीबाईंचे स्वतःचे शब्द आपल्याजवळ आहेत. १८५४ चा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह आहे, जोतीरावांना लिहिलेली पत्रे आहेत. १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून लिहिलेल्या पत्रातली दोनच वाक्ये घेतली असती, तरी कल्पनेतली दहा भाषणे काढून टाकता आली असती. चरित्रात संवाद रचायला माझी हरकत नाही. पण कोणता रचलेला आणि कोणता मुळातला, हे सांगणारी एक छोटी टीप मुलांसाठी मलपृष्ठाच्या आत हवीच.

बाबासाहेबांच्या पुस्तकात चित्रकार पुतळ्यापासून दूर जाऊ शकलेला नाही. निळा कोट, वर केलेले बोट, हातात ग्रंथ, हे तीन-चार पानांवर तसेच्या तसे येते, अगदी ज्या पानावर मजकूर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांच्या संसाराविषयी बोलतो तिथेही. अपवाद एकाच पानाचा. वडील रामजी रात्री दोन वाजता भीमाला अभ्यासाला उठवत, त्या प्रसंगाचे चित्र जवळजवळ काळे आहे. कंदिलाचा एक पिवळा गोळा, त्यात एक उघडे पुस्तक आणि पांघरुणातून अर्धा बाहेर आलेला झोपाळू मुलगा. आमच्याकडची मुले त्या पानावर नेहमी थांबतात. ज्याने हे एक चित्र काढले, त्याला बाकीची काढता आली असती, एवढेच म्हणते.

मुंबईच्या पाण्याचे पुस्तक माहितीच्या तिघांत सर्वांत सरस आहे. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा ही सात नावे पाठ करून घेण्याऐवजी लेखकाने एका थेंबाचा पाठलाग केला आहे : धरणातून जलवाहिनीत, तिथून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात, मग टेकडीवरच्या जलाशयात आणि शेवटी सोसायटीच्या टाकीत. चित्रे कापलेल्या फणसासारखी आतून दाखवलेली आहेत, त्यामुळे जमिनीखालचे नळ, झडपा आणि पंप एकाच पानावर दिसतात. शहराचे सुमारे निम्मे पाणी एकट्या भातसातून येते, हे तलावांच्या आकारांवरून मुलांना न सांगता समजले. जुलैत ‘तुळशी भरला’ अशी बातमी आली, तेव्हा पहिलीतल्या दोघांनी हे पुस्तक उघडून तुळशीवर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. मुलांनी पुस्तकात खुणा करू नयेत असा आमचा नियम आहे. मी त्या दिवशी पाहिले न पाहिलेसे केले. या पुस्तकात राहिलेली गोष्ट म्हणजे धरणांभोवतीची माणसे. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी निघते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. थेंबाचा प्रवास सांगताना तो ज्यांच्या दारावरून न थांबता पुढे जातो, त्यांच्यासाठी एक पान ठेवायला हवे होते. समुद्रकिनाऱ्याचे पुस्तक ठीक आहे, छायाचित्रे स्वच्छ आहेत, त्याहून अधिक सांगण्यासारखे त्यात नाही.

निर्मितीबद्दल थोडे. अक्षर टपोरे आहे, जोडाक्षरे फुटलेली नाहीत, ओळीच्या शेवटी शब्द तोडलेले नाहीत. नव्याने वाचू लागलेल्या मुलासाठी हे फार मोलाचे असते. परंतु तीन पुस्तकांत गडद निळ्यावर काळी अक्षरे छापली आहेत, ती आमच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली मलाही वाचता आली नाहीत. बांधणी पिनांची आहे आणि तिसऱ्या आठवड्यापासून मधली पाने सुटू लागली.

फाळक्यांचे पुस्तक मी शेवटी ठेवले, कारण तसे पुस्तक या संचात दुसरे नाही. येथे लेखक आणि चित्रकार यांनी एकत्र बसून काम केले असावे असे प्रत्येक पानावर जाणवते. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पुस्तक घाईने धावत नाही. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री फिल्मच्या कडांना भोके पाडत बसलेल्या सरस्वतीबाईंना पूर्ण एक जोडपान दिले आहे, आणि त्या पानाच्या कडेने छापलेली चौकोनी भोके मुले बोटाने मोजतात. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलातले साळुंके उभे राहिले, या पानावर प्रत्येक वेळी हशा होतो. पण खरी करामत उजव्या पानांच्या खालच्या कोपऱ्यात आहे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे घेतली आणि ती सलग पडद्यावर दाखवली; चित्रकाराने तोच वाटाणा पानागणिक थोडा थोडा वाढवत नेला आहे. अंगठ्याने पाने भरभर सोडली की अंकुर फुटतो, पाने उलगडतात, वेल वर चढते. चित्रपट म्हणजे काय, हे यानंतर कुणाला शब्दांत सांगावे लागले नाही.

महिन्याभरात त्या पुस्तकाचे कोपरे फाटले, हे ओघाने आलेच. दुसरी प्रत आणावी म्हणून मी पुन्हा दादरला गेले, तर संच फोडून एकेक पुस्तक देता येत नाही असे सांगण्यात आले. पाण्याचे आणि फाळक्यांचे अशी दोन पुस्तके सुटी मिळाली, तर कुणीही डोळे मिटून घ्यावीत. एवढ्या चुकांसकट पूर्ण संच ९६० रुपयांना घेण्याचा सल्ला मी आज देणार नाही, नव्या आवृत्तीची वाट पाहावी. आमच्या प्रतीला तूर्त चिकटपट्टी लावली आहे. मधल्या चार पानांवर पट्टी जाड झाल्यामुळे वाटाण्याचे रोप तिथे जरा अडखळते, आणि मग एकदम दोन बोटे वाढते.