1,499 ची पैठणी, 1930 हेल्पलाइन आन पैठणचा विणकर: तिघांचा रिव्ह्यू

लाज वाटत होती म्हणून दिवाळीत लिहिलं नाही, आता संक्रांत आली तवा लिहितोय. मी जालन्याचा. आमचा दादा गावाकडं तुती करतो, रेशीम किड्यांची शेड आहे, वर्षाला चार-पाच बॅच निघतात, कोष जालन्याच्या मार्केटला न्यायला कितीदा मीच टेम्पोत पुढं बसलोय. म्हणजे रेशमाचा भाव झोपेतून उठवून विचारला तरी सांगन असा माणूस, आन मीच इन्स्टावर 1,499 ला "प्युअर सिल्क हातमाग पैठणी" घेतली, आक्काला भाऊबीजेला. हसा, दाजी पण हसले.

पहिले पेजचं सांगतो. नाव लिहून उपयोग नाही कारण त्या नावानं ते आता नाहीच. जाहिरात अशी की पैठणच्या विणकराकडून डायरेक्ट तुमच्या घरी, 9,999 वर काट मारून 1,499, आन खाली घड्याळ उलटं पळायलंय, 14 मिनिटं राहिली, 13 राहिली. मी बसस्टँडवर उभा, गाडी लागायची होती, घाईघाईत पत्ता भरून टाकला. (नंतर ते पान परत उघडलं तर घड्याळ पुन्हा 14 वर. दुसऱ्या दिवशी बी 14.) कॅश ऑन डिलिव्हरी नव्हतं, का तर म्हणे सणाची गर्दी. पैसे टाकताना समोर नाव आलं ते कुठल्या तरी मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं, मी म्हणलं असंल मालकाचं दुसरं दुकान. अशा वेळी आपलंच मन त्यांचं वकीलपत्र घेतं बघा. पोस्टखाली कॉमेंट बंद होत्या ते पण दिसलं होतं, साइटवर पत्ता नव्हता, तक्रार कुणाकडं करायची त्या माणसाचं नाव नव्हतं. ऑनलाइन विकणाऱ्यानं स्वतःचं नाव, पत्ता, कस्टमर केअर आन तक्रार अधिकारी हे सगळं साइटवर लिहायलाच पाहिजे असा 2020 चा नियम आहे, हे मला नंतर कळलं. तवा मी खाली स्क्रोल केलंच नाही, मोर बघत बसलो.

पार्सल आलं धनत्रयोदशीला. उघडलं तर निस्ता प्लॅस्टिकवानी कपडा, मोर छापलेला, आन मागून पालथं केलं तर पांढरं फट. वहिनी म्हणल्या, "भाऊजी, टेबलावर टाकायला बरं आहे." पेजला मेसेज केला, ब्लॉक. पार्सल फोडताना व्हिडिओ काढला नव्हता, तो काढायचा असतो, कुणी पण विकत घेवो, चांगल्या कंपनीचं असलं तरी काढत जा.

इथपर्यंत 1,499 गेले होते, ते सोडून दिले असते तर हा रिव्ह्यू लिहायची गरजच नव्हती. पण माझ्या अंगात आलं की पैसे परत घेणारच. गूगलवर त्या पेजचं नाव आन पुढं कस्टमर केअर असं टाकलं तर एक मोबाईल नंबर वरच आला. लावला. माणूस लई गोड, "सर, दिवाळीच्या शुभेच्छा" पासून सुरू, ऑर्डर नंबर विचारला, माफी मागितली, एवढी माफी तर आमच्या घरी कुणी कुणाची मागत नाही. म्हणला सर व्हॉट्सॲपवर क्यूआर टाकलाय, स्कॅन करा, रिफंड येतो. स्कॅन केला तर पडद्यावर 4,999 आन खाली "पे". मी म्हणलं अहो हे तर पे दाखवायलंय. तर म्हणतो, "सर, पे म्हणजे तुम्हाला पे होणार, जास्तीचे आम्ही नंतर ॲडजस्ट करतो, पिन टाका." टाकला. गेले. मग म्हणला व्यवहार अडकला, दुसऱ्यांदा केलं की दोन्ही सुटतील. आन मी दुसऱ्यांदा केलं. हे वाक्य लिहिताना आत्ता पण कान गरम झालेत.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागतच नाही. कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जायलेत, समोरचा काहीही म्हणो. पूर्वी हे लोक फोनवर पैशाची रिक्वेस्ट पाठवायचे, ते माणसामाणसातलं 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झालं, म्हणून आता क्यूआर आन "सर हे छोटं ॲप टाकून घ्या" चालू आहे. मला तिसऱ्यांदा ॲपच टाकायला सांगत होता, माझी स्क्रीन त्याला दिसंल असलं, तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. आमच्या जुन्या फोनचे उपकार.

मित्राचं मोबाईलचं दुकान आहे, तिथं पळत गेलो चार्जिंगला, त्याला सांगितलं तर त्यानं स्वतःचा फोन हातात दिला, म्हणला "आधी 1930 लाव, रड नंतर." 1930 म्हणजे ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तर हा दुसरा रिव्ह्यू, आन हा चांगला आहे. पैसे गेल्यापासून पाऊण तासात फोन लावला होता. पलीकडून कुणी उपदेश केला नाही, निस्ते प्रश्न: कोणती बँक, खाते नंबर, किती रक्कम, किती वाजता, आन यूटीआर, म्हणजे यूपीआयच्या व्यवहाराखाली असतो तो 12 आकडी नंबर. तो काढून ठेवूनच फोन लावा, मी शोधण्यात पाच मिनिटं घालवली. मला वाटायचं की तक्रार म्हणजे कागद लिहून ठेवतात, तसं नाही, ती लगेच ज्या बँकेत पैसे गेले तिकडं जाते आन पैसे तिथं अजून पडलेले असतील तर होल्ड होतात. तिथून पुढं सरकले असतील तर पुढच्या बँकेकडं. म्हणून सगळा खेळ मिनिटांचा आहे, "उद्या बँकेत जाऊन बघू" म्हणलं की संपलं. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला, मग सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉट, चॅट, तो क्यूआर सगळं भरलं. माझे दुसरे 4,999 होल्ड झाले, पहिले तोपर्यंत निघून गेले होते. होल्ड झालेले हातात यायला अजून पुढची पायरी असते, माझं ते चालू आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच. (दुकानदार खरा आहे, फक्त माल खराब दिलाय आन ऐकत नाही असं असंल तर 1930 नाही, ग्राहक हेल्पलाइन 1915 लावायची, दोन्ही वेगळे.)

आता तिसरा, पैठणचा. दिवाळी झाल्यावर आक्काला घेऊन गेलो, कारण भाऊबीजेला ताटात निस्तं पाकीट टाकलं होतं. एका विणकराच्या घरी, पुढं दुकान मागं माग. खड्डा केलेला, त्यात पाय सोडून बाई बसलेल्या, पदराचा मोर चाललेला, एकेका रंगाची वेगळी कांडी, हातानं फिरवायची, तासाभरात बोटभर पण पुढं सरकलं नसंल. विणकरानं पदर उलटा करून दाखवला, मागून पण मोर तसाच, धागे लोंबत नाहीत. मशीनवरच्या जरीकामात मागं धागे दिसतात किंवा कापलेले असतात. आन अजून एक सांगितलं जे मला ठाऊक नव्हतं, सिल्क मार्कचा टॅग म्हणजे रेशीम खरं एवढंच, हातमागाचं आहे का ते तो टॅग सांगत नाही, त्याला हँडलूम मार्क वेगळा असतो.

मी लाजत लाजत 1,499 चं सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणले, "दादा, तुम्ही जालन्याचे ना, हिशोब तुम्हीच करा." केला. किलोभर रेशमाला साधारण सहा-सात किलो कोष लागतात, कोष 500 च्या आसपास धरा, साडीला अर्धा किलो तरी रेशीम. म्हणजे 1,500 तर निस्ते कोषाचेच झाले, अजून धागा काढणारा, रंगवणारा, जर, आन त्या बाईची बोटं बाकीच. हा हिशोब मी दादाच्या शेडमध्ये शंभरदा केलाय, बसस्टँडवर एकदा करायचा होता.

बारीक काठाची घेतली, 9,500 ला, अर्धे दादाच्या बॅचमधून उसने. दुकानाचं एकच वाईट, नेटवर्क नाही, पैसे टाकायला गल्लीच्या तोंडापर्यंत जावं लागलं, आन पिन टाकताना आक्का मागून मोठ्यानं, "नाव वाच आधी, नाव वाच." चार स्टार.

छापील मोराची साडी दादानं शेडच्या खिडकीला बांधली, माशी येऊ नये म्हणून. अन् परवा रात्री इन्स्टावर तेच दुकान परत दिसलं, नाव दुसरं, मोर तोच, संक्रांत स्पेशल काळी पैठणी, 14 मिनिटं बाकी. आता 1,299 ला द्यायलेत.