लंजवरचे धडे: हौशी स्वाराने पैसे नेमके कुठे घालावेत

चांगल्या स्वाराची मांड पक्की असते, असं आपण म्हणतो. हौशी स्वारांचा घोटाळा या शब्दापासूनच सुरू होतो. मांड पक्की म्हणजे मांड्या आणि गुडघे आवळून बसणं, असा अर्थ बहुतेक जण घेतात. मुठीत आवळलेली ओली साबणाची वडी जशी वर निसटते, तसं आवळून बसलेलं शरीर खोगिरातून वर ढकललं जातं. गुडघा बिजागरीसारखा अडकतो, पोटरी मागे-वर सरकते आणि रिकीब सुटते. मग भीती वाटते आणि माणूस आणखी आवळतो. घोड्याला मात्र दाबलेल्या पायाचा एकच अर्थ शिकवलेला असतो: पुढे चल. तो वेग वाढवतो, स्वार लगाम खेचतो, आणि दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास उडतो. हे चक्र तोडण्यासाठी बाजारात खूप काही विकलं जातं. त्या सगळ्यात पैसे वसूल करून देणारी गोष्ट एकच: लंजवरचे धडे. पण ते नीट घेणारी शाळा सापडली तरच.

लंजचा धडा म्हणजे प्रशिक्षक मध्यभागी उभा, हातात सुमारे 8 मीटरची दोरी, आणि घोडा त्याच्याभोवती गोल फिरतो. वेग आणि दिशा प्रशिक्षकाच्या ताब्यात. स्वाराला लगाम नाही, बरेचदा रिकीबही नाही, त्यामुळे फक्त स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायचं. चांगल्या शाळेत अगदी पहिले काही धडे असेच होतात, पण एकदा लगाम हातात आला की ही दोरी कायमची खुंटीला लागते. खरी गरज त्यानंतर पडते: 20-30 तास स्वारी झालेली, रायझिंग ट्रॉट (दुडक्या चालीत तालावर उठत-बसत स्वारी) जमतो, पण सिटिंग ट्रॉटला (त्याच चालीत न उठता बसून राहताना) बूड आपटतं आणि कँटरचं (त्याहून वेगवान चालीचं) नाव काढलं की श्वास अडकतो, अशा वेळी. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये शिकाऊ स्वार लगाम हाती मिळण्याआधी दीर्घकाळ लंजवर रिकिबींशिवाय बसतात, ते उगाच नाही. हौशी माणसाला एवढं शक्य नाही. आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ धडे घेतले तरी फरक स्पष्ट दिसतो.

आधी घोडा पाहा. लंजचा घोडा हा वेगळाच प्राणी असावा लागतो: पूर्ण वाढ झालेला, ठोक्यात चालणारा, आवाजाच्या आज्ञा ओळखणारा आणि दोन्ही बाजूंना सारखाच वळणारा. तुम्ही बसण्याआधी प्रशिक्षक त्याला दोन्ही बाजूंनी थोडा फिरवतो का ते बघा. न फिरवता थेट तुम्हाला वर चढवलं, तर घोड्याच्या अंगातली मस्ती जिरवण्याचं काम तुमच्या पाठीवर आलं. घोडा दर फेरीला एकाच ठिकाणी आत कापत असेल, कान मागे पाडून शेपटी आपटत असेल किंवा एका बाजूला ट्रॉटचा ठोका चुकत असेल, तर त्या दिवशी खाली उतरणं शहाणपणाचं.

मग सामान. दोरी कॅव्हेसनच्या, म्हणजे नाकावरच्या भक्कम पट्ट्याच्या, मधल्या कडीला लावलेली उत्तम. नुसती आतल्या बाजूच्या बिटच्या, म्हणजे तोंडातल्या दांडीच्या, कडीला अडकवली तर प्रत्येक ओढीला बिट तोंडातून आत सरकतं, घोडा डोकं तिरकं करतो आणि त्याचा तिरकेपणा तुमच्या कमरेत उतरतो. साइड रेन (बिटपासून खोगिराच्या बाजूपर्यंत बांधायचे पट्टे) असतील तर त्या दोन्ही बाजूंना लावाव्यात, इतक्या लांब की घोड्याचं नाक उभ्या रेषेच्या थोडं पुढे राहील. स्वार चढताना आणि उतरताना त्या सोडलेल्याच असायला हव्यात. बांधलेल्या घोड्याला अचानक तोल सावरायला मान लागली आणि ती मिळाली नाही, तर तो मागच्या पायांवर उभा राहू शकतो. प्रशिक्षकाच्या हातात हातमोजे आहेत का, दोरीच्या घड्या तळहातावर आडव्या घातल्या आहेत की मनगटाभोवती गुंडाळल्या आहेत, हेही पाहा. गुंडाळलेल्या दिसल्या तर ती शाळा सोडा. घोडा उधळला तर त्या घड्या हाताला फास लावतात.

लगाम काढून ठेवण्यापेक्षा गाठ मारून मानेवर ठेवलेला बरा, म्हणजे वेळ पडली तर हाताशी येतो. रिकिबी वापरायच्या नसतील तर त्या खोगिरापुढे एकमेकींवर टाकायच्या: आधी उजवी, मग डावी. म्हणजे परत सोडताना डावी आधी मिळते. त्याआधी पट्ट्याचं बक्कल 10-15 सेंटिमीटर खाली ओढून पट्टा सपाट दुमडायचा. हे न करता रिकिबी टाकल्या की बक्कल थेट मांडीखाली येतं, अर्ध्या तासात निळा डाग पडतो आणि स्वार तो डाग टाळायला पाय बाहेर फाकवतो. तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, तीनदा तपासला पाहिजे: चढण्याआधी, चढल्यावर, आणि पाच मिनिटं चालल्यावर.

धडा किती वेळाचा? चढण्या-उतरण्यासह 25 ते 30 मिनिटं, त्यात प्रत्यक्ष ट्रॉट दहा-बारा मिनिटं. तासभर लंज म्हणून जाहिरात असेल तर ती स्वाराची सोय, घोड्याचा छळ. हिशेब सोपा आहे. 15 मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे 47 मीटर. सावकाश ट्रॉटला एक फेरी 15 सेकंदांची धरली तर 10 मिनिटांत 40 फेऱ्या, प्रत्येक फेरीत आतल्या पायांच्या सांध्यांवर जास्त भार. म्हणून दर चार-पाच मिनिटांनी दिशा बदलायलाच हवी. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहावं हा सर्वसाधारण संकेत. लहान वर्तुळात त्याहूनही कमी असावं असं आमचं मत. तुमचं वजन न विचारता घोडा नेमून देणाऱ्या शाळेबद्दल काय म्हणावं!

प्रत्यक्ष व्यायामांत क्रम महत्त्वाचा. सुरुवात वॉकने, म्हणजे साध्या चालीने, डोळे मिटून. घोड्याचं कोणतं मागचं पाऊल आता पडतंय ते मोठ्याने सांगायचं: डावं, उजवं, डावं. पहिल्या धड्यात बहुतेक जण अंदाजपंचे बोलतात. तिसऱ्या धड्यापर्यंत कमरेच्या हाडांना उत्तर कळायला लागतं, कारण मागचा पाय हवेत असताना त्या बाजूची पाठ खाली जाते. मोठ्याने बोलण्याचा दुसरा फायदा असा की बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. घाबरलेल्या स्वाराला 'रिलॅक्स' असं ओरडणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा त्याला पावलं मोजायला लावणारा शंभर पटींनी बरा.

मग हात. एक हात वर, मागे गोल. दोन्ही हात बाजूला पसरून कमरेतून वळणं. उजव्या हाताने डाव्या पायाचा अंगठा शिवणं. हात हलला की पाय हलतो का, हीच तपासणी. पाय पुढे उडत असेल तर स्वार अजून हातांवर तोल सांभाळतोय, म्हणजे उद्या लगाम हातात आला की तोही घोड्याच्या तोंडावर लटकणार. खोगिरात बसल्या बसल्या पूर्ण गोल फिरायचा जो खेळ शाळांत आवडीने घेतात, तो घोडा उभा असताना आणि कुणीतरी डोकं धरलेलं असतानाच. अंगावर एअर व्हेस्ट (पडताना हवेने फुगणारं जाकीट) असेल तर तिची दोरी आधी खोगिरातून सोडा, नाहीतर फिरता फिरता ओढ बसून ती फुगते आणि त्या आवाजाने उभा घोडाही बिचकतो.

सिटिंग ट्रॉटलाच घोडं पेंड खातं. ट्रॉट दोन ठोक्यांचा: तिरकी जोडी, मध्ये क्षणभर चारही पाय हवेत, मग दुसरी जोडी. पाठ उजवी-डावी आलटून पालटून खाली जाते आणि बुडाने तिच्यासोबत जायचं असतं. ताठ कंबर जात नाही, म्हणून आपटते. बाहेरच्या हाताने खोगिराचा पुढचा उंचवटा धरून तो हलकेच वर ओढायचा: बूड आपोआप खाली बसतं आणि खांदे वर्तुळाच्या दिशेने वळतात. एकदम पाच मिनिटं बसायचं नाही. आठ पावलं बसा, परत वॉक. पुन्हा आठ. आपटायला लागल्यावरही चालू ठेवलं की शरीर आपटणंच शिकतं, आणि घोडा पाठ खाली दाबून आणखी कडक चालतो. इथे घाई करणारे प्रशिक्षक सर्वांत जास्त नुकसान करतात.

आवळण्यावरचा उतारा म्हणजे दोन्ही मांड्या बाजूला, खोगिरापासून जेमतेम दोन बोटं उचलून तीन सेकंद धरायच्या आणि सोडून द्यायच्या. कुल्ह्याला पेटका येऊ शकतो, म्हणून वॉकमध्येच आणि दोन-तीनदाच. सोडल्यावर पाय जिथे लोंबकळतो ती त्याची खरी जागा. कान, खांदा, कुल्हा, टाच एका उभ्या रेषेत. 'टाच खाली' या घोषणेचा अतिरेक मात्र नको. जोर लावून खाली ढकललेली टाच घोट्याला कुलूप घालते आणि पाय पुढे जाऊन माणूस खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. सगळं करूनही खुर्चीच होत असेल तर खोगीर बघा. बसण्याचा खोलगट भाग मागे झुकलेला असेल तर दोष तुमचा नाही.

रिकिबी परत मिळाल्यावर रायझिंग ट्रॉटला नेहमीच्या वर-खाली ऐवजी वर-वर-खाली असा ताल धरून पाहा. दोन ठोके वर राहायला तोल पायावर असावा लागतो. मागे पडलेला स्वार पहिल्याच फेरीत धपकन बसतो. डायगोनलचा, म्हणजे पायांच्या कोणत्या तिरक्या जोडीसोबत उठायचं त्याचा, नियम नेहमीचाच: घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं.

आता उणिवा. वर्तुळात शरीर बाहेर ओढलं जातं. स्वार ते भरून काढायला आत झुकतो, आतली कंबर मोडते आणि बूड उलट बाहेर घसरतं. प्रशिक्षक मध्यभागी उभा असल्याने त्याला तुमची फक्त एक बाजू दिसते, म्हणून ही चूक आठवडेच्या आठवडे सुटते. उपाय: कुणाला तरी वर्तुळाबाहेर उभं करून मागून आणि पुढून व्हिडिओ घ्यायला सांगा. दुसरी उणीव मोठी आहे. लंजवर वळवणं, थांबवणं, इतर घोड्यांतून वाट काढणं काहीच शिकता येत नाही. ज्याची भीती मोकळ्या मैदानात घोडा बुजण्याची आहे, त्याला इथे अर्धंच औषध मिळतं. म्हणून प्रत्येक धड्याची शेवटची दहा मिनिटं दोरी सोडून, लगाम हातात घेऊन झाली पाहिजेत. पाठीच्या मणक्याचं दुखणं असलेल्यांनी रिकिबींशिवाय ट्रॉट करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

याच पैशात दुसरं काय मिळतं? सिलिकॉनच्या ठिपक्यांची चिकट ब्रीचेस (स्वारीची तंग पँट) घसरणं कमी करतात, पण आपटणाऱ्या माणसाला ज्या जागी आपटला तिथेच चिकटवून ठेवतात. मांड बसल्यावर घ्या. सिम्युलेटरवर, म्हणजे यांत्रिक घोड्यावर, दाब कुठे जास्त पडतो ते पडद्यावर दिसतं, आणि तो कधी थकत नाही. मात्र तुम्ही श्वास कोंडला तर त्याला कळत नाही, घोड्याला कळतो. एअर व्हेस्ट पडल्यावर कामाची, पण पडू नये म्हणून तिचा उपयोग शून्य, आणि उतरताना दोरी सोडायला विसरणारे दर शाळेत भेटतात. सेफ्टी रिकिबी (पडताना पाय मोकळा करणाऱ्या) मात्र जरूर घ्याव्यात. रबरी कडीवाल्या असतील तर कडी पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी आणि भेगा पडल्या की लगेच बदलावी. रुंदी बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा साधारण 2.5 सेंटिमीटर जास्त. त्याहून अरुंद असेल तर पाय अडकतो, फार रुंद असेल तर आरपार जातो.

हेल्मेटवर एएसटीएम एफ1163, पीएएस 015, व्हीजी1 किंवा स्नेल यांपैकी एखाद्या सुरक्षा-मानकाची खूण शोधा आणि शाळेचं उसनं हेल्मेट टाळा. आतला फोम एकदाच दबतो, आणि ते आधी कुणाच्या डोक्यावर आपटलंय ते बाहेरून दिसत नाही.

सगळ्यांत स्वस्त वस्तू शेवटी: मानेचा पट्टा. जुना रिकिबीचा पट्टा घोड्याच्या मानेभोवती सैल बांधला, आयाळ संपते तिथून हातभर पुढे राहील असा, की काम झालं. लंजवर असो वा मैदानात, घोडा बुजला की लगामाऐवजी त्यात बोटं अडकवायची. कँटरच्या पहिल्या सुरुवाती तो धरूनच करा. एका हाताची करंगळी आधीपासूनच त्याखाली असू द्या, कारण घोडा उडाल्यानंतर पट्टा शोधायला वेळ नसतो.