"प्रोटेक्शनसह" लिहिलेले यूएसबी चार्जिंग बोर्ड घेताय? आधी हे वाचा

मित्रांनो, टीपी४०५६ (लिथियम सेल चार्ज करणारी चिप) वाले छोटे चार्जिंग बोर्ड ऑनलाइन मागवणार असाल तर जरा थांबा. मी ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याने ठळक लिहिलं होतं "ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शनसह", फोटोत तिन्ही चिप (एक चार्जिंगची, दोन प्रोटेक्शनच्या) दिसत होत्या आणि साध्या बोर्डापेक्षा पैसेही जास्त लावले होते. गावी मामांकडे लाइट सारखी जाते म्हणून त्यावर इमर्जन्सी दिवे बनवून दिले, घरात व्यवस्थित चालले. मग मामेभावाने एक दिवा टेम्पोत नेला, लायटरच्या सॉकेटमधल्या स्वस्तातल्या यूएसबी चार्जरला लावला आणि थोड्या वेळात जळका वास यायला लागला, बघतो तर आतला चपटा सेल पुरीसारखा टम्म फुगलेला. त्याने वायर उपटून दिवा बाहेर मातीत फेकला म्हणून निभावलं, सीटमागे डिझेलचा कॅन होता हो!

तो चार्जर नंतर मीटरवर बघितला, ५ व्होल्टच्या जागी १३.८. आतली व्होल्टेज कमी करणारी स्टेपडाउन चिप शॉर्ट झालेली, त्यामुळे गाडीचं सगळं व्होल्टेज सरळ यूएसबीत. टीपी४०५६ ची कमाल मर्यादा ८ व्होल्ट, त्यामुळे तीही शॉर्ट होऊन गेली आणि मग सेलला ४.२ व्होल्टवर थांबवणारं कोणी उरलंच नाही.

पण अशा वेळेसाठीच तर बाकीच्या दोन चिप असतात ना! डीडब्ल्यू०१ए सेलवर नजर ठेवते, ४.३ च्या आसपास गेला की ८२०५ए मधला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद करून सेलचा रस्ता तोडते. माझ्या बोर्डावर त्या जागी चिप चिकटवलेल्या होत्या पण खालून बी मायनस (सेलचा मायनस) आणि आउट मायनस (आउटपुटचा मायनस) सरळ ट्रॅकने जोडलेले, म्हणजे दोन्ही चिप नुसत्या दाखवायला. उरलेले बोर्ड तपासले, तेही सगळे तसेच.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणतो, तुम्ही फास्ट चार्जर लावला असणार, त्यातून ९ व्होल्ट येतात, वॉरंटी नाही. हे धादांत खोटं आहे आणि लोक याला फसतात म्हणून सांगतो. फास्ट चार्जर सुरुवात ५ व्होल्टनेच करतो, समोरच्या उपकरणाने यूएसबीच्या डेटा किंवा (टाइप-सी असेल तर) सीसी पिनवरून मागितल्याशिवाय वाढवत नाही, आणि या बोर्डावर तसं मागणारं काहीच नसतं.

तुमच्याकडे असे बोर्ड असतील तर सेल आणि यूएसबी दोन्ही काढून मीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि बी मायनस ते आउट मायनस बघा. बीप वाजला तर प्रोटेक्शन नाही, तो बोर्ड वापरू नका.

आणि एक, खऱ्या डीडब्ल्यू०१ए ने सुद्धा फक्त सेल वाचतो, यूएसबीकडून जास्त व्होल्टेज आलं तर चार्जिंग चिप जाणारच. त्यासाठी इनपुटला वेगळं काहीतरी हवं. मी आता बीक्यू२४३१४ ही चिप लावतो, ५.८५ व्होल्टच्या वर गेलं की पुढची लाइन तोडते आणि स्वतः ३० व्होल्टपर्यंत टिकते. नुसता टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके दाबणारा) लावून निश्चिंत राहू नका, एसएमएजे५.० ए घेतला तर मोठ्या झटक्यात ९.२ व्होल्टपर्यंत जाऊ देतो, म्हणजे ८ च्या वरच, आणि १३.८ सतत येत राहिलं तर स्वतःच जळतो. लावायचाच तर त्याच्या आधी फ्यूज हवाच.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, मीटरचे आणि ट्रॅकचे फोटो जोडलेत. पैसे अजून आलेले नाहीत आणि त्याची लिस्टिंग त्याच फोटोंसकट चालू आहे, म्हणून ज्यांनी असे बोर्ड घेतलेत त्यांनी बीपची टेस्ट करून खालच्या ट्रॅकचा फोटो रिव्ह्यूमध्ये नक्की टाका.