एका नटापायी: गिअरबॉक्स दुरुस्तीनंतरचे ८ महिने

जुन्या डिझेल पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स ज्यांनी वापरलाय त्यांना ओळख करून द्यायला नको, म्हणून थेट रडगाण्यावर येतो. पाचवा टाकला, दांडा जागेवर बसला, आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. गाडीला ओढच नाही. चौथ्यात आणली तर जणू काही झालंच नव्हतं. 'क्लच प्लेट गेली' म्हणणारे लगेच भेटले. अहो, प्लेट गेली असती तर चौथ्यातही घसरली असती ना!

कारण निघालं एक नट. या बॉक्समध्ये पाचवा गिअर मेन शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या मुख्य आसाच्या) अगदी शेपटाला, स्प्लाइनवर (आसावर कोरलेल्या लांबट दातांवर) बसवलेला, आणि त्याला मागून धरून ठेवणारा एकच नट. डिझेलचे धक्के खाऊन नट सैल होतो, गिअर मागे सरकत सरकत स्प्लाइन सोडतो. पहिल्या चारांचा याच्याशी संबंध नाही, म्हणून ते ठणठणीत. एवढ्या अवजड बॉक्सची इज्जत एका नटावर टांगून ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

मेकॅनिक म्हणाला, स्प्लाइन घासल्यात, शाफ्टच बदला. मी म्हटलं, मागचं कव्हर खोलून काम होतंय तर अख्खा बॉक्स कशाला उतरवायचा? बरीच हुज्जत झाली. शेवटी नवा नट, थ्रेडला लॉक करणारं द्रावण आणि नट-शाफ्टवर आडवी रंगाची रेघ, एवढ्यावर भागवलं. रेघ माझी कल्पना. नट हलला तर रेघ तुटलेली दिसणार.

ऑइलवरूनही वाजलं. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार. हँडबुकात जीएल-४, मेकॅनिकने ओतलं जीएल-५. 'वरचा नंबर, वरचा माल.' तसं नसतं. जीएल-५ हे मुळात डिफरन्शियलसाठीचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यासाठीचं), त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या कड्यांना, मानवत नाहीत. सकाळी दुसरा गिअर टाकताना करकर सुरू झाली. बदलून घेतल्यावर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'शाफ्ट बदलायची काही गरज नव्हती' असं ठोकून देणार होतो. तेवढ्यात मागची ऑइल सील गळायला लागली, कव्हर पुन्हा खोललं, आणि रेघ तुटलेली! फार नाही, पण स्पष्ट. गिअर हाताने हलवला तर स्प्लाइनवर डुगडुगत होता. म्हणजे मेकॅनिक बरोबर बोलत होता. घासलेल्या स्प्लाइनवर गिअर प्रत्येक धक्क्याला डुलणार, आणि नट कितीही आवळा, तो सुटणारच. मी वाचवलेले पैसे सव्याज गेले, कारण कव्हर, सील, ऑइल सगळं दोनदा झालं आणि शाफ्टसाठी बॉक्स उतरवावा लागलाच.

आणखी एक कबुली. डिझेल वाचावं म्हणून मी भरलेली गाडी पाचव्यात १,२०० आरपीएमवर रेटायचो. आरपीएम कमी, भार जास्त, तेव्हाच इंजिनचे धक्के शाफ्टला सगळ्यात जोरात बसतात. आता चढाला आणि भार असताना चौथा. या बॉक्समध्ये चौथा थेट, १:१, म्हणजे इंजिनची ताकद सरळ मेन शाफ्टला, त्यामुळे काउंटर शाफ्ट (एरवी ताकद पुढे देणारा बाजूचा आस) बिनभाराचा फिरतो आणि आवाजही सगळ्यात कमी. सध्या १,६०० च्या खाली पाचव्यात जात नाही. टाकी ते टाकी हिशोब वहीत लिहितो. डिझेलच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक पडलेला नाही. मग इतकी वर्षं मी नेमकं काय वाचवत होतो कोण जाणे.

ड्रेन प्लगच्या (ऑइल सोडायच्या बुचाच्या) चुंबकावर या वेळी बारीक करडा लगदा होता, कपची एकही नाही. एवढं चालतं. दुसऱ्याची करकर थंड गाडीत अजून आहे. बॉक्स खाली होता तेव्हाच मेकॅनिक सिंक्रो रिंगही बदला म्हणाला होता. नको म्हटलं. डबल क्लच मारून (एका बदलाला क्लच दोनदा दाबून) गिअर पडतोय तोवर पडतोय.