कंपनीचा स्टिरिओ ठेवून डीएसपी ॲम्प, की स्टिरिओच नवा?

डॅशबोर्डात डबल डिनची (स्टिरिओच्या ठरलेल्या मापाची) साधी चौकट असेल तर स्टिरिओ बदलणं स्वस्तात पडतं आणि बहुतेकांना पुरतं. रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, गाडीच्या सेटिंग्ज असं सगळंच कंपनीच्या स्क्रीनला जोडलेलं असेल, तर त्या स्क्रीनला हात लावू नये. सीटखाली डीएसपी ॲम्प, म्हणजे आवाज घडवणारा डिजिटल प्रोसेसर आत असलेला ॲम्प्लिफायर, बसवावा. खरी अडचण मधल्या गाड्यांची, जिथे स्टिरिओ निघतोही आणि आहे तो अगदीच टाकाऊ नसतो.

आधी वॅटचं बघू. सेटच्या खोक्यावर ‘45 वॅट × 4’ छापलेलं असतं. अशा सेटमध्ये सर्रास सापडणाऱ्या टीडीए7388 या ॲम्प्लिफायर चिपचा 45 हा कमाल आकडा. 14.4 व्होल्टवर, 10 टक्के आवाज फुटलेला चालवून घेतला तर तो 26 वॅट देतो. स्वच्छ आवाज त्याहून कमीच. म्हणजे नवा स्टिरिओ जोर वाढवत नाही, फक्त आवाजावरचा ताबा वाढवतो. डीएसपी ॲम्पमध्ये ताबा आणि जोर दोन्ही येतात, म्हणून तो महाग.

डिले: फरक इथे पडतो

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर जवळ, डावा लांब. जवळचा आवाज आधी पोचतो आणि गाणारा माणूस समोर न वाटता उजव्या गुडघ्यापाशी बसल्यासारखा वाटतो. यावर बॅलन्स फिरवणं हा उपाय नव्हे. जवळच्या स्पीकरला उशीर (डिले) करावा लागतो. टेप घेऊन डोक्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34.4 सेंमी जातो. सर्वांत लांबच्या स्पीकरला शून्य, बाकीच्यांना अंतराचा फरक भागिले 34.4. एका हॅचबॅकचं उदाहरण (सब म्हणजे खोल बेसचा स्पीकर, वूफर दारातला मोठा, ट्वीटर बारीक आवाजाचा छोटा):

डिकीतला सब 190 सेंमी – 0
डावा वूफर 140 सेंमी – 1.45 मिलिसेकंद
डावा ट्वीटर 120 सेंमी – 2.03
उजवा वूफर 95 सेंमी – 2.76
उजवा ट्वीटर 75 सेंमी – 3.34

(उन्हाळ्यात आवाजाचा वेग दोनेक टक्क्यांनी वाढतो. त्यासाठी आकडे बदलत बसू नका.)

आता नव्या स्टिरिओची मर्यादा बघा. पॅसिव्ह क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारी साधी डबी) असलेले कंपोनंट स्पीकर, म्हणजे वेगळे वूफर-ट्वीटर, लावले की एका बाजूचे वूफर आणि ट्वीटर एकाच चॅनेलवर असतात, त्यामुळे दोघांना एकच डिले. वर उजवीकडच्या दोघांत 20 सेंमीचा फरक आहे. त्यांची हद्द जिथे मिळते त्या 3500 हर्ट्झला लहरीची लांबी जेमतेम 10 सेंमी. त्याच्या आसपास काही ठिकाणी आवाज एकमेकांना खातात आणि गायिकेचा आवाज पोकळ वाटतो. पायोनिअरच्या काही सेटमध्ये नेटवर्क मोड असतो, त्यात वूफर-ट्वीटर वेगळे करता येतात. पण त्यावर बाहेरचे ॲम्प घेतले तर ‘स्वस्त’ हा मुद्दा निकालात निघतो. डीएसपीमध्ये प्रत्येक स्पीकरला स्वतःचा डिले, स्वतःचा क्रॉसओव्हर, स्वतःचा इक्वलायझर (जाड-बारीक आवाजाची एकेक पट्टी कमीजास्त करणारा) मिळतो.

आकडे भरल्यावर मोनोमधला एखाद्या निवेदकाचा आवाज लावा. तो डॅशबोर्डच्या मधोमध, एका ठिकाणाहून यायला हवा. सरकलेला वाटला तर 0.05 मिलिसेकंदाने मागेपुढे करा. पसरट वाटला आणि बेसही गायब झाला, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेत. आधी ते तपासा.

कंपनीच्या स्टिरिओतली खोच

डीएसपी ॲम्प घेणारे इथे फसतात. कंपनीने स्वतःच्या हलक्या स्पीकरांसाठी सिग्नल आधीच वाकवलेला असतो. टोन मधोमध ठेवले तरी तो सपाट नसतो. काही स्टिरिओ व्हॉल्यूम वाढवला की स्पीकर वाचवायला बेस छाटतात, त्यामुळे 12 वर भरदार लागणारं गाणं 28 वर किरटं होतं. ॲम्प विकत घेण्याआधी 50 हर्ट्झ आणि 1000 हर्ट्झचे टोन वाजवून स्पीकरच्या वायरीवर मीटर लावा. व्हॉल्यूम चढताना दोन्हींचे व्होल्ट सारख्या पटीत वाढले नाहीत, तर बेस छाटला जातोय. वेग वाढला की आवाज वाढवणारी सेटिंगही बंद करा. वरच्या व्हेरिएंटमध्ये कंपनीचा वेगळा ॲम्प असेल तर सिग्नल आधीच तुकड्यांत विभागलेला असतो. तो परत एकत्र जोडणाऱ्या डीएसपीचीच निवड करावी लागते, कुठलाही चालत नाही.

इक्वलायझर दोन्हीकडे आहे. स्टिरिओत बहुधा 13 बँड, डीएसपीमध्ये त्याहून बारीक. मोजायला यूमिक-1 माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं: पिंक नॉइज (चाचणीसाठीचा खरखरीचा आवाज) लावा, माइक डोक्याच्या आसपास फिरवत सरासरी घ्या. आलेखातले उंचवटे कापा, खड्डे भरू नका. आवाज परावर्तित होऊन एकमेकांना खातात तिथे खड्डा पडतो. तिथे 6 डेसिबल ढकलले तर ॲम्पला चौपट वॅट द्यावे लागतात आणि खड्डा जागच्या जागी राहतो.

दोन्ही वाटांवर आधी दारं

पोकळ पत्र्याच्या दारात कुठलाच डीएसपी बेस काढून देत नाही. स्पीकरच्या मागच्या बाहेरच्या पत्र्यावर 2 मिमी ब्यूटिल (रबरी) शीटचे तुकडे, आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद. बिटुमेनची स्वस्त शीट घेऊ नका. वैशाखात गाडी उन्हात राहिली की ती ओघळते आणि वास मारते. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, ते धरूनच दार बनवलेलं असतं. म्हणून खालच्या कडेची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा आणि पॅडमागचं (दाराच्या आतल्या आवरणामागचं) प्लॅस्टिक काढलं असेल तर ती जागा पूर्ण सील करा. नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात पॅड फुगतं.

दाराच्या स्पीकरांना 80 हर्ट्झखाली कट द्या, सबला त्याच्या वर. मागचे स्पीकर फेडरने (पुढचा-मागचा आवाज वाटणाऱ्या सेटिंगने) जवळपास बंद करा. त्यांच्यावर खर्च तर नकोच.

ॲम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) फिटिंगवाल्याला कानाने लावू देऊ नका. सगळे बूस्ट बंद, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, स्पीकर काढून ठेवलेले, 1000 हर्ट्झचा टोन. 4 ओहमला 50 वॅट हवे असतील तर मीटरवर 14.1 व्होल्ट एसी दिसेपर्यंतच गेन वाढवा. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ आली तर ॲम्पची अर्थिंगची वायर बघा: ती रंग खरवडलेल्या पत्र्यावर, 45 सेंमीच्या आत, सीटबेल्टच्या बोल्टला नाही. बॅटरीची वायर एका बाजूने, आरसीए (ॲम्पला सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंमीच्या आतच.

गाडी वॉरंटीत असेल तर काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा की कंपनीची एकही वायर कापायची नाही, गाडीच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता जोडणारा सॉकेट) आणायचा. तो मिळत नाही असं म्हणणारा फिटिंगवाला बदला.